पुंगळीचं गणित

गॉर्डन जेनिंग्जचं 'टू-स्ट्रोक ट्यूनर्स हँडबुक' १९७३ सालचं आहे. मी ते पहिल्यांदा पाहिलं कॉलेजात असताना, कुणीतरी वाकडंतिकडं स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये. आकृत्यांमधले आकडे पुसट, काही पानं तिरकी, एका पानावर स्कॅन करणाऱ्याच्या अंगठ्याची सावली. पन्नास वर्षांपूर्वीच्या, तेही जवळजवळ संपलेल्या तंत्रावरच्या पुस्तकाचं परीक्षण सहसा कुणी लिहीत नाही. मी लिहिते आहे, कारण गेल्या वर्षी या पुस्तकावर विसंबून मी एक बोट बांधली. पाऊण मीटर लांबीची, रेडिओवर चालणारी, साडेतीन सीसी इंजिनाची शर्यतीची बोट. पुस्तकातल्या सूत्राने काढलेली एक्झॉस्ट पाइपची लांबी ३२ मिलिमीटरने चुकली. ३३४ मिलिमीटरमध्ये ३२ म्हणजे किरकोळ चूक नव्हे. रेडीमेड पाइप डोळे मिटून बसवला असता तरी कदाचित जास्त जवळ पोचले असते.

तरीही इंजिनिअरिंगवरचं इतकं चांगलं लिहिलेलं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही, हे माझं मत त्या ३२ मिलिमीटरनंतरही टिकून आहे. उलट जरा पक्कंच झालंय. ते का, हे स्वतःलाच नीट सांगता यावं म्हणून हा लेख.

आधी थोडं यंत्र. (ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन परिच्छेद सोडून द्यावेत, माझी हरकत नाही.)

ज्या टू-स्ट्रोक इंजिनांबद्दल इथे बोलतोय त्यांच्या माथ्यावर व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच भोकं पाडलेली असतात. पिस्टन खाली गेला की ती उघडतात, वर आला की झाकली जातात. एवढ्यात जळलेला वायू बाहेर घालवायचा आणि ताजं मिश्रण आत घ्यायचं. गोची अशी की एक्झॉस्टचं भोक सगळ्यात आधी उघडतं आणि सगळ्यात शेवटी बंद होतं. पाहुणे आत येऊन बसले तरी मागचं दार सताड उघडं. त्यातले काही सरळ मागच्या दाराने निघून जातात. इंधनही गेलं आणि ताकदही.

यावरचा उपाय आहे एक पाइप. सुरुवातीला अरुंद, मग हळूहळू रुंदावत पोटात फुगलेला, मग पुन्हा निमुळता होत गेलेला आणि शेवटी पेनासारखी बारीक शेपटी. एक्झॉस्टचं भोक उघडलं की त्यातून दाबाची लहर सुटते. वाट रुंदावत जाते तिथून तिचं उलटं रूप परत येतं, म्हणजे ओढणारी लहर; ती सिलिंडरमधला उरलेला धूर खेचून घेते, आणि त्याच झटक्यात थोडं ताजं मिश्रणही पाइपात ओढते. पुढे मूळ लहर मागच्या निमुळत्या भागावर आपटते आणि तिथून ढकलणारी लहर म्हणूनच परत फिरते. ती जर भोक बंद व्हायच्या अगदी आधी पोचली, तर बाहेर आलेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. मागच्या दाराला पल्ला नाही, म्हणून आवाजाचाच पल्ला लावायचा. मात्र तो लागायला हवा नेमक्या क्षणी, आणि तो क्षण ठरतो पाइपच्या लांबीवर. लांब पाइपात लहर उशिरा परतते, म्हणजे तो कमी आरपीएमला जमतो. आखूड पाइप जास्त आरपीएमला.

हे तंत्र खऱ्या अर्थाने हाताशी आलं ते पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात, वॉल्टर काडेनमुळे. १९६१ सालच्या त्याच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरला २००. त्याच वर्षी त्याचा रेसर अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला, ते ज्ञान सुझुकीकडे गेलं आणि १९६२ मध्ये डेगनर सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. मॅट ऑक्सलीने 'स्टीलिंग स्पीड' या पुस्तकात ही गोष्ट हेरकथेसारखी सांगितली आहे. वाचायला फार मजा येते, पण वाचून पाइप बनवता येत नाही. मला आश्चर्य वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. ज्या ज्ञानासाठी १९६१ मध्ये एक माणूस देश सोडून गेला, तेच बारा वर्षांनी एक अमेरिकन पत्रकार कुणाही वाचकाच्या हातात ठेवतो, करवत घ्या आणि कामाला लागा म्हणून.

जेनिंग्ज पत्रकार होता, मोटारसायकलींच्या मासिकाचा संपादक होता आणि स्वतः शर्यतीतही उतरायचा. प्राध्यापक नव्हता. हे त्याच्या वाक्यांतून कळतं. माझ्या डिग्रीच्या चार वर्षांत वाचलेल्या पुस्तकांत कर्ता नसायचाच. 'असे गृहीत धरण्यात येते', 'असे आढळून येते'. कोण गृहीत धरतं, कुणाला आढळतं, याचा पत्ता नाही. जेनिंग्जच्या पुस्तकात एक माणूस आहे. त्याला राग येतो, विशेषतः ऐकीव माहितीवर भोकं मोठी करणाऱ्यांचा. एखाद्या सूत्रावर त्याचा किती भरवसा आहे तेही तो लपवत नाही. पिस्टनच्या वेगाच्या मर्यादेबद्दल तो बोलतो तेव्हा सूर वेगळा, आणि पाइपच्या शेपटीच्या जाडीबद्दल बोलतो तेव्हा वेगळा. वाचकाला आकड्याइतकंच त्या आकड्यामागचं वजनही कळत जातं.

आता ते सूत्र. पाइपची लांबी इंचात हवी असेल तर एक्झॉस्टचं भोक किती अंश उघडं राहतं तो आकडा घ्या, त्याला लहरीच्या वेगाने (फूट दर सेकंद) गुणा आणि आरपीएमने भागा. बस. लहरीचा वेग १७०० घ्या, असं जेनिंग्ज सांगतो. लांबी मोजायची पिस्टनपासून मागच्या निमुळत्या भागाच्या साधारण मध्यापर्यंत.

पहिल्यांदा पाहिल्यावर मला हे सूत्र संशयास्पद वाटलं होतं. अंश, फूट, मिनिट, इंच, सगळी खिचडी, आणि कुठेही एक स्थिरांक नाही? मांडून बघितल्यावर कळलं. भोक किती सेकंद उघडं राहतं हे काढायला अंशांना आरपीएमच्या सहापटीने भागावं लागतं. लहर जाऊन परत येते म्हणून आणखी दोनाने भागायचं. झाले बारा. आणि फुटाचे इंच करायला बाराने गुणायचं. बारा वर, बारा खाली, दोन्ही उडाले. तेच मिलिमीटर आणि मीटर घेऊन करायला गेलं की ८३.३ नावाचा एक बेढब आकडा मध्ये येऊन बसतो. फूट-इंच पद्धतीबद्दल माझ्या मनात आलेला हा एकमेव आदराचा क्षण. गंमत म्हणजे हाच माणूस भोकांच्या क्षेत्रफळाचा हिशेब करताना सेंटिमीटर वापरतो. एका प्रकरणात इंच, दुसऱ्यात सेंटिमीटर. संपादक म्हणून त्याने हे दुसऱ्या कुणाच्या लेखात चालू दिलं असतं का, शंका आहे.

मी राहते बर्मिंगहॅमच्या बाहेर. नोकरी सॉफ्टवेअरची, दिवसभर हाताला काही लागत नाही. इथे मॉडेल बोटींचे जुने क्लब आहेत. आमच्या क्लबात मी एकटी तिशीच्या आतली आणि बाकीचे बहुतेक निवृत्त कारखानदारी माणसं. इंजिन मी जुनं विकत घेतलं. बोट स्वतः बांधली, पातळ प्लाय आणि बाल्साची, वरून फायबरग्लासचं तलम कापड आणि इपॉक्सी. वजनाचं वेड त्या काळात इतकं होतं की इपॉक्सी लावल्यावर जुन्या बँक कार्डाने ती खरवडून काढायची आणि कार्डावर किती आली तेही स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचं. नुसती बोट ६०० ग्रॅमच्या आत आली तेव्हा मी घरी फोटो पाठवला. आईने विचारलं, "वजन कुणाचं?"

हलकेपणाच्या बाबतीत माझ्याकडे कुठलंच पुस्तक नव्हतं आणि ते दिसून आलं. इंजिन ज्या पट्ट्यांवर बसतं त्या मी पोखरून हलक्या केल्या. वाचले २२ ग्रॅम. पहिल्याच दिवशी इंजिन अर्धा मिनिट छान पळायचं आणि मग तडतडून बंद पडायचं. दोन रविवार कार्बुरेटर खोलण्यात गेले. शेवटी कळलं की पट्ट्या थरथरतात, टाकीतल्या इंधनाला ताकासारखा फेस येतो आणि इंजिनाला इंधनाऐवजी बुडबुडे मिळतात. पट्ट्या पुन्हा जाड केल्या, खाली रबर घातलं, ४० ग्रॅम वाढले, बोट जोरात पळायला लागली. वजन कमी करायला कुठे बंदी आहे ते वजन कमी केल्यावरच कळतं.

पाइप मात्र पुस्तकाप्रमाणे. इंजिनाला कोनमापकाची चकती लावून भोक १७० अंश उघडं राहतं हे मोजलं. आरपीएम धरले २२,०००. सूत्राने लांबी आली १३.१ इंच, म्हणजे ३३४ मिलिमीटर. शेपटीसाठी जेनिंग्ज सांगतो की तिचा व्यास सुरुवातीच्या नळीच्या ०.५८ ते ०.६२ पट ठेवा आणि लांबी त्या व्यासाच्या बारापट. माझी नळी १२ मिलिमीटरची, म्हणून शेपटी ७.२. शंकूंचे नकाशे काढायला छोटा प्रोग्राम लिहिला, कागद कापून पत्र्यावर चिकटवले, पत्रा गुंडाळला, सांधे चांदीच्या डाखाने जोडले. या कामाला मला तीन महिने लागले. त्यातले अडीच महिने खराब डाखाचे.

तलावावर पहिल्या दिवशी बोट अगदी शहाण्यासारखी निघाली. पाइप 'लागतो' तो क्षण ऐकू येतो: इंजिन आधी नाकात बोलत असतं, आणि एकदम गळा मोकळा झाल्यासारखा आवाज चढतो. तो चढला, लवकरच चढला, आणि तिथेच थांबला. सरळ पट्ट्यावर बोट पुढे काही जाईना.

आरपीएम मोजायला मी फोनवर आवाज रेकॉर्ड करत होते. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, म्हणजे दर फेऱ्याला एक स्फोट. आवाजाची मूळ वारंवारता काढून साठाने गुणलं की आरपीएम. रेकॉर्डिंगमध्ये ३४३ हर्ट्झ दिसत होते, म्हणजे साडेवीस हजारांच्या वर. मग चूक फार नाही, असं मी समजले. दोन आठवडे त्याच समजात प्रॉपेलर बदलत बसले. एके दिवशी चुकून रेकॉर्डिंग लांबलं, बोट माझ्या समोरून निघून पलीकडे गेली, आणि आवाज दाणकन खाली आला. डॉप्लर! बारावीत रेल्वेच्या शिट्टीवर दहा गुणांची गणितं सोडवलेल्या बाईला, स्वतःची बोट ताशी साठ-सत्तर किलोमीटरने अंगावर येताना ते आठवू नये. येतानाची आणि जातानाची अशा दोन्ही वारंवारता घेऊन हरात्मक मध्य काढल्यावर खरा आकडा आला ३२५ हर्ट्झ, म्हणजे १९,५००. फायदा इतकाच की त्या दोन आकड्यांच्या फरकातून बोटीचा वेगही फुकटात मिळायला लागला.

म्हणजे पाइप लांब होता. २२,००० ऐवजी १९,५०० ला जमत होता.

क्लबातले एक आजोबा, आयुष्यभर टूलमेकर, माझं हे सगळं लॅपटॉपपुराण लांबून बघत होते. ते आले, पाइपला हात लावून बघितला आणि म्हणाले, तीन मिलिमीटर काप, चालव, पुन्हा तीन काप. बोट बंदरातून निघताना अडखळायला लागली की थांब आणि तीन मिलिमीटर परत जोड. आकडा कुठला विचारल्यावर ते हसले. पाइप आणि इंजिन सिलिकॉनच्या नळीने जोडलेले असतात, त्यात दहा-एक मिलिमीटर सरकवता येतो. पुढचं कापावंच लागतं. स्वतः डाख मारून जोडलेल्या नळीला हॅकसॉ लावणं जिवावर येतं. ३०२ वर बोट सर्वांत चांगली पळाली. २९९ वर ती निघतानाच कुंथायला लागली, कारण इतक्या आखूड पाइपला लागणाऱ्या आरपीएमपर्यंत प्रॉपेलरचं ओझं घेऊन इंजिन चढूच शकत नव्हतं. ३०२ वर येताना ३८२, जाताना ३४० हर्ट्झ. खरे ३६०, म्हणजे २१,६०० आरपीएम, आणि बोटीचा वेग ताशी ७२ किलोमीटर.

आता सूत्र उलटं सोडवलं. लहरीचा वेग १७०० फूट येत नाही, १५११ येतो. सेकंदाला ५१८ मीटरऐवजी ४६०.

पुस्तकावर रागवावं असा हा क्षण होता, आणि मी रागावलेही. पण का चुकलं ते शोधायला लागल्यावर पुस्तक पुन्हा उघडावं लागलं. आवाजाचा वेग वायूच्या तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ५१८ मीटरचा वेग धरला तर ढोबळ हिशेबाने वायू ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास हवा. ४६० ला साधारण २७०. जेनिंग्जची इंजिनं मोटारसायकलची, पेट्रोलवर चालणारी, पाइप हवेत तापणारे. माझं इंजिन मिथेनॉलवर, सुरुवातीच्या नळीभोवती तलावाचं थंड पाणी फिरवलेलं, आणि आकार इतका लहान की आतल्या वायूच्या मानाने पत्र्याचं क्षेत्रफळ फार जास्त. वायू आत शिरता शिरताच थंडावतो. १७०० हा निसर्गाचा स्थिरांक नाहीच. त्यात तापमान आहे, लहर एका बिंदूवर न आपटता अख्ख्या शंकूवर पसरून आपटते हे आहे, मोठी लहर ध्वनीपेक्षा जरा वेगाने धावते हेही आहे. इतक्या गोष्टी एका गोल आकड्यात बांधून ठेवल्यात. आणि जेनिंग्ज तो आकडा कामचलाऊ म्हणूनच देतो. शेवटची लांबी चालवून, कापूनच ठरणार हे त्याच्या प्रकरणात आहे. मी ते वाक्य कॉलेजातही वाचलं असणार. सूत्र पाठ केलं, वाक्य सोडून दिलं. ही सवय मला कुठे लागली ते सांगायला नको.

तरी समीक्षक म्हणून एक तक्रार उरतेच. इतर ठिकाणी सुरातून वजन सांगणारा हा लेखक नेमका इथे, पुस्तकातल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या आकड्यापाशी, पुरेसा थांबत नाही. भूमितीतून आलेला अंश आणि मोटारसायकलींच्या अनुभवातून आलेला वेग एकाच ओळीत, एकाच टायपात, शेजारी शेजारी उभे आहेत. ओळ इतकी देखणी आहे की वाचक दोघांवर सारखाच विश्वास टाकतो. बारा-बारा उडून जाण्याचं सौंदर्यच इथे घात करतं.

याच्या उलट टोकाला बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतले गॉर्डन ब्लेअर. त्यांचं 'द बेसिक डिझाइन ऑफ टू-स्ट्रोक इंजिन्स' १९९० चं, मागे बेसिक भाषेतले प्रोग्राम छापलेले. माझ्या धंद्याच्या माणसाला ते पुस्तक जवळचं वाटायला हवं. पाइपमधली लहर पावलापावलाने पुढे सरकवायची, प्रत्येक तुकड्यात दाब, तापमान, वेग ठेवायचे. मी तसलंच एक लहान सिम्युलेशन पायथॉनमध्ये लिहिलं. तीन रात्री जागून. त्याने उत्तर दिलं ३१८.४ मिलिमीटर. जेनिंग्जपेक्षा बरं, तरी चूकच, आणि वर एक दशांश चिकटलेला. कारण पाइपच्या भिंतीचं तापमान त्याला मीच द्यायचं होतं आणि मी ते अंदाजाने दिलं होतं. ब्लेअरच्या पद्धतीचा हा दोष नव्हे. त्यांच्याकडे प्रयोगशाळा होती, तापमान मोजायची सोय होती. माझ्यासारख्याच्या हातात मात्र ती पद्धत एक वेगळीच फसवणूक करते: अंदाज तोच, पण तो आता कोडच्या चाळिसाव्या ओळीत जाऊन बसलेला. जेनिंग्जचा अंदाज निदान सूत्रात उघड्यावर उभा आहे, कुणीही येऊन त्याला हात लावू शकतं. मी लावला. १७०० खोडून १५११ लिहिलं, आणि त्यानंतर त्याच इंजिनासाठी बनवलेला दुसरा पाइप सूत्रानेच काढला. तो पाच मिलिमीटरच्या आत बरोबर आला.

हे लिहिताना मला सारखा मामा आठवतोय. ज्या आवाजापासून हे सगळं सुरू झालं तो त्याच्या गॅरेजातला.

मामाचं गॅरेज कोल्हापुरात. माझ्या लहानपणी तिथे रांगेने आरएक्स हंड्रेड उभ्या असायच्या. १९९६ मध्ये ती गाडी बंद झाली, पण आमच्याकडे ती बंद व्हायला कुणी तयार नव्हतं. पोरं यायची आणि पुंगळी मागायची. सायलेन्सरच्या आतलं काढून टाका, टोक कापा, आवाज झाला पाहिजे. आता पोलिस त्या पुंगळ्या गोळा करून रोडरोलरखाली चिरडतात आणि पेपरात फोटो येतात. मामा पुंगळी करून द्यायचा, धंदाच तो, पण देताना बोलल्याशिवाय राहायचा नाही. "टोकाचं भोक मोठं केलंस की गाडी बोलती रं, पळत न्हाई."

मी तेव्हा डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. थर्मोडायनॅमिक्समध्ये नुकते चांगले मार्क पडलेले. मी त्याला समजावलं होतं की मोठं भोक म्हणजे कमी अडथळा, कमी अडथळा म्हणजे जास्त ताकद, साधी गोष्ट आहे. तो काही बोलला नाही. सायलेन्सर जाळत होता, आत साचलेला कार्बन जाळून काढायला. आज मला कळतं की तो शेपटीबद्दल बोलत होता. ०.५८ ते ०.६२. शेपटी मोठी केली की पाइपात दाब राहत नाही, परतणारी लहर दुबळी होते. कार्बनने ती बारीक झाली की उष्णता कोंडते आणि पिस्टन धरतो. जेनिंग्जचा तो परिच्छेद आणि मामाचं ते वाक्य यात मला फरक इतकाच दिसतो की परिच्छेद जगभर पोचला आणि वाक्य गॅरेजच्या शटरपर्यंत.

मराठीत असं पुस्तक का नाही, हा प्रश्न नेहमीचा आहे आणि त्याला नेहमीचं उत्तर मिळतं: वाचक नाहीत, परिभाषा नाही. मला दोन्ही पटत नाही. आपल्याकडे कारखान्यातून निघालेली वाचनाची परंपरा आहे. 'किर्लोस्कर' मासिक सुरू झालं १९२० साली, ते 'किर्लोस्कर खबर' नावाचं कारखान्याचं पत्र म्हणूनच. परिभाषा तर मामाच्या गॅरेजात भरपूर होती: धरणे, कोंडणे, मिसिंग, पाइप लागणे. अडचण मला गद्यात दिसते. आपलं तांत्रिक मराठी लिहायला बसलं की त्यातून माणूस उठून जातो. 'निष्कास नलिकेचा व्यास योग्य तेवढा ठेवण्यात यावा.' योग्य म्हणजे किती, ठेवणारा कोण, न ठेवल्यास काय होतं आणि हे लिहिणाऱ्याने स्वतः कधी ठेवून बघितलं का? मामाच्या वाक्यात यातलं निदान निम्मं आहे. जेनिंग्जसारखा कुणी त्या गॅरेजात आठवडाभर वही घेऊन बसला असता तर बाकीचं निम्मंही मिळालं असतं. तिथे वही घेऊन बसू शकणारी एकजण होती. ती त्याला अडथळा आणि ताकदीचं नातं समजावत होती.

मामाला आता उजव्या कानाने फारसं ऐकू येत नाही. तीस वर्षं पुंगळ्या कानाशी तपासल्यावर दुसरं काय होणार. गॅरेज आहे, स्कूटी आणि ऑइल बदलण्यावर चालतं. गेल्या महिन्यात मी त्याला बोटीचा व्हिडिओ पाठवला, सोबत वारंवारतेचा आलेखही, म्हणजे ऐकू आलं नाही तरी दिसेल. चढताना रेघ कशी एकदम वर जाते, बोट समोरून गेल्यावर कशी खाली येते, ते बाणांनी दाखवलं. ३३४, ३०२, १५११, सगळं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आलेखाबद्दल काही नाही. म्हणाला, "ते झालं. टोकाचं भोक केवढं ठेवलंस?"

"सात पॉइंट दोन."

"तलावाचं पाणी गार असतंय न्हवं तिकडं?"

"हो, बरंच."

"मग सातवर आण. लई मोठं हाय ते."

वायू थंड म्हणजे त्याचं आकारमान कमी, म्हणजे त्याला बाहेर पडायला लहान भोक पुरायला हवं. पुस्तकातली ०.५८ ते ०.६२ ही पटही गरम पाइपांसाठीचीच असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सात मिलिमीटरची नळी मागवली आहे.